डिझेल गाडीला घरी वॉटर-मिथेनॉल बसवायचंय? ते बंद कसं होईल हे आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या एका वाचकांकडे पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया १.९ टीडीआय आहे, रिमॅप केलेली, म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदललेली. पाच माणसं आणि सामान घेऊन साखरप्याकडून आंबा घाट चढताना मागे काळा धूर सुटतो, एक्झॉस्टच्या तापमानाचा काटा वर जातो आणि वरच्या वळणांवर गाडी ओढत नाही. त्यांना वायपरच्या पाण्याची मोटर, फवारणी पंपाचं नोझल आणि निम्मं पाणी-निम्मं मिथेनॉल असं मिश्रण वापरून घरच्या घरी इंजेक्शन, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत ते मिश्रण फवारणारी यंत्रणा, बसवायचंय. पंप कोणता घ्यावा, नोझल किती मोठं, मिश्रणाचं प्रमाण काय, ताकद किती वाढेल आणि इंजिनाला धोका किती, हे त्यांनी विचारलंय.

माझं रोजचं काम डिझेल पंप, इंजेक्टर आणि टर्बोचं. या यंत्रणेबद्दल सगळे विचारतात ते ती सुरू कशी करायची हे. बंद कशी होईल हे क्वचितच कोणी विचारतं. म्हणून तुमच्या प्रश्नांचा क्रम बदलतो आणि इंजिन ज्याने जातं तिथून सुरुवात करतो.

तुमचं इंजिन १८९६ सीसीचं, म्हणजे एका सिलिंडरला ४७४ सीसी. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबली जाते ते, १९.५ ला १. पिस्टन अगदी वर पोचला की त्याच्या डोक्यावर उरणारी जागा हिशेबाने काढा: ४७४ भागिले १८.५, म्हणजे जेमतेम २६ मिलिलिटर. चहाचे पाच चमचे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना एका सिलिंडरमध्ये एवढं पाणी साचलेलं असेल आणि तुम्ही स्टार्टर मारलात, तर पिस्टन वर जाऊच शकत नाही. इंजिन तिथेच अडतं किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो. पेट्रोल इंजिनात ही जागा बरीच मोठी असते, म्हणून तिथे चालून जाणारी ढिलाई डिझेलमध्ये चालत नाही.

अशी एक गाडी आमच्याकडे टो करून आली होती. मालकांनी डिकीत उंचावर टाकी बसवलेली, वायपरच्या पाण्याची मोटर लावलेली, तिथून नळी थेट इनटेकपर्यंत, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या मार्गापर्यंत, आणि मध्ये काहीच नाही. घर उतारावर, गाडी रात्रभर नाक खाली करून उभी. वायपरच्या पाण्याची मोटर आतून साध्या पंख्याची असते; ती बंद असली तरी पाण्याला अडवत नाही, पाणी तिच्यातून आरपार वाहतं. सकाळी चावी फिरवली, एक ‘टक’ झालं आणि इंजिन थांबलं. हेड उतरवलं तर तीन पिस्टन एका उंचीला येत होते आणि एक साधारण दोन मिलिमीटर खाली राहत होता. त्याच्या बोअरच्या वरच्या कडेला कार्बनचा पट्टाही बाकीच्यांपेक्षा रुंद दिसत होता, म्हणजे रॉड त्या सकाळच्या आधीच कधीतरी वाकला होता आणि त्यानंतरही इंजिन काही काळ चालवलं गेलं होतं. पाणी आत गेल्याची ही खूण डिझेलवाल्या फिटरला डोळे झाकून ओळखता येते.

तेव्हा पहिला नियम: वायपरच्या पाण्याची मोटर वापरायची नाही. ती पाणी अडवत नाही हे एक कारण. दुसरं कारण दाबाचं. ती साधारण एक-दोन बार दाब देते. तुमच्या इनटेकमध्ये घाटात एक बारच्या आसपास बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जास्तीचा दाब, असतो, तो त्यातून वजा करा. जो दाब उरतो त्यात धुकं तयार होत नाही, धार लागते. धार इनटेकच्या भिंतीवर आपटते, थेंब होऊन खाली उतरते आणि जवळच्या एकाच सिलिंडरला जास्त जाते. म्हणजे फायदा नाही आणि धोका पूर्ण.

आता ही यंत्रणा मुळात करते काय ते पाहू. बूस्ट एक बार असताना टर्बोतून बाहेर पडणारी हवा, बाहेर ३५ अंश असेल तर, १३० अंश सेल्सियसच्या आसपास गेलेली असते. इंटरकूलर, म्हणजे ती हवा गार करणारा रेडिएटर, तिला साठ-सत्तरपर्यंत आणतो. त्या हवेत पाण्याचं बारीक धुकं सोडलं की त्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात, एक किलो मिथेनॉलला त्याच्या साधारण निम्मे. जे थेंब इनटेकमध्ये वाफ होत नाहीत ते कॉम्प्रेशनच्या वेळी सिलिंडरमध्ये होतात आणि ज्वलनाचं तापमान खाली आणतात. नायट्रोजनची ऑक्साइडं कमी होतात ती यामुळेच.

कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात मेसरश्मिट १०९ या जर्मन लढाऊ विमानांच्या डाइम्लर-बेंझ इंजिनांत ‘एमडब्ल्यू ५०’ नावाचं पाणी-मिथेनॉलचं मिश्रण फवारत. आपल्याकडे कानपूरला एचएएलने बांधलेल्या अ‍ॅव्रो ७४८ विमानांची रोल्स-रॉइस डार्ट इंजिनंही गरम हवेत उड्डाणाच्या वेळी गेलेली ताकद परत मिळवायला पाणी-मिथेनॉलच घेत. अगदी अलीकडे, २०१६ च्या बीएमडब्ल्यू एम४ जीटीएसमध्ये नुसतं पाणी फवारणारी यंत्रणा कारखान्यातूनच आली. डिकीत पाच लिटरची टाकी. पाणी संपलं की संगणक बूस्ट आपोआप उतरवतो. कारखान्याने सगळ्यात जास्त डोकं कुठे खर्च केलंय ते इथे दिसतं.

पण ती बीएमडब्ल्यू आणि ती मेसरश्मिट पेट्रोलवर चालणारी. तिथे नॉकिंगची, म्हणजे इंधन अवेळी आपोआप पेटण्याची, भीती असते. पाण्याने ती कमी झाली की बूस्ट वाढवता येतो आणि ताकद तिथून येते. डिझेलमध्ये ताकद डिझेलच्या प्रमाणावर ठरते, हवा बहुतेक वेळा जास्तच असते. म्हणून कोणी ‘तीस-चाळीस हॉर्सपॉवर वाढली’ असं सांगितलं, तर तो आकडा तुमच्या गाडीला लावण्याआधी हिशेब करून बघा.

३५०० आरपीएम, एक बार बूस्ट, इंटरकूलरनंतर साठ अंश. तुमचं इंजिन सेकंदाला साधारण ९८ ग्रॅम हवा घेतं. फार धूर न करता जळेल असं डिझेल सेकंदाला पाच ग्रॅमच्या जरा खाली, म्हणजे मिनिटाला ३५० मिलिलिटरच्या आसपास. त्याच्या वीस टक्के मिश्रण फवारायचं म्हटलं तर मिनिटाला ७० मिलिलिटर. त्यात निम्मं मिथेनॉल असेल तर ते सेकंदाला अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. मिथेनॉलची उष्णता किलोला २० मेगाज्यूल, डिझेलची ४२ च्या वर. सगळं मिथेनॉल नीट जळलं असं धरलं तरी इंजिनाला मिळणारी जास्तीची उष्णता चार-साडेचार टक्के. नव्वद हॉर्सपॉवरच्या गाडीत चार हॉर्सपॉवर. याहून फार मोठा फरक कुणाला जाणवला असेल, तर त्याचं नोझल प्रमाणाबाहेर मोठं होतं किंवा इंजिनाला आधीच हवेपेक्षा जास्त डिझेल मिळत होतं.

तुमचं दुखणं एक्झॉस्टच्या तापमानाचं आहे, आणि इथे मिथेनॉल तुमच्या विरुद्ध काम करतं. मिनिटाला ७० मिलिलिटर शुद्ध पाणी सोडलं तर एक्झॉस्ट तीस-चाळीस अंशांनी उतरतो. हिशेबातही तेवढंच येतं आणि काट्यावरही साधारण तेवढंच दिसतं. तेवढंच निम्मं-निम्मं मिश्रण सोडलं तर मिथेनॉल वाफ होताना जे गार करतं ते जळताना परत करतं, आणि एक्झॉस्टच्या तापमानात जवळपास काहीच हाती लागत नाही. मिथेनॉलचा खरा उपयोग व्हायचा तर तेवढं डिझेल कमी करावं लागतं, आणि ते रिमॅपवाल्याशिवाय होत नाही. शिवाय युरोप-अमेरिकेत मिश्रणात मिथेनॉल ठेवण्याचं एक साधं कारण टाकीतलं पाणी गोठू नये हे असतं. सांगली-कोल्हापूर-रत्नागिरीच्या रस्त्यावर ती गरज कधीच पडत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: तुम्ही शुद्ध पाण्यावर चालणारी यंत्रणा बसवा. मिथेनॉल घालू नका. सगळा पुढचा मजकूर पाण्यासाठी आहे. मिथेनॉलबद्दल जे सांगायचं ते शेवटाकडे सांगतो, कारण माझं मत काहीही असलं तरी काही जण ते घालणार आहेत.

त्याहीआधी एक काम आहे, आणि त्याला खर्च जवळपास नाही. तुमच्या गाडीचा इंटरकूलर पुढच्या उजव्या चाकापुढे, बंपरच्या कोपऱ्यात बसलेला असतो. आकाराने लहान. एवढ्या वर्षांत त्याच्या पाकळ्यांत चिखल आणि किडे भरलेले असतात, आतून टर्बोच्या तेलाचा थर असतो. तो उतरवून आतबाहेर धुवा. बूस्टच्या सगळ्या नळ्या साबणाच्या पाण्याने तपासा. क्लिपखाली बारीक चीर असेल तर घाटात धूर येणारच. आत जाणारी हवा मोजणाऱ्या एअर मास सेन्सरचं रीडिंग बघा. इंजेक्टर बेंचवर लावून घ्या. आणि रिमॅप करणाऱ्याला वरच्या लोडला डिझेल पाच टक्के कमी करायला सांगा. जे डिझेल धूर होऊन जातंय त्यातून तसंही फारसं काही मिळत नव्हतं, आणि एक्झॉस्ट जवळपास तेवढाच उतरतो जेवढा पाण्याने उतरला असता. एवढं करून घाट चढून बघा. पुष्कळ गाड्यांचा प्रश्न इथेच मिटतो.

मिटला नाही तर पुढे.

तापमानाचा मीटर टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर बसलेला आहे ना, याची खात्री करा. टर्बोच्या नंतर लावलेला के-टाइप (तापमान मोजणारा) सेन्सर शंभर अंशांहूनही जास्त कमी दाखवू शकतो. मॅनिफोल्डला भोक पाडायचं तर ते उतरवूनच पाडा. लोखंडाचा कीस टर्बोच्या पंख्यात गेला तर वाचवायचं काही उरत नाही. मी स्वतः या इंजिनांना लांब चढावर ७५० अंशांच्या खाली ठेवतो आणि ८०० ला पाय काढतो.

पंपासाठी आपल्याकडे सहज मिळणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक, पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपातली १२ व्होल्टची डायफ्राम मोटर. प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या आसपास तिचे सुटे भाग मिळतात, तिच्या डोक्यावरच दाबाचा स्विच असतो. दुसरी, आरओ फिल्टरचा बूस्टर पंप. पण तो बहुधा २४ व्होल्टचा असतो, गाडीत त्याला वेगळं कन्व्हर्टर लागतं. मी फवारणीची मोटर घेतो. विकत घेताना लेबलवर जाऊ नका. पुढे नळ बंद करून प्रेशर गेज लावा. सात-आठ बार सहज धरत असेल तर घ्या, पाचवरच सुटत असेल तर ठेवून द्या.

नोझलचं बघा. फवारणी पंपाचं नोझल पिकासाठी असतं, मिनिटाला पाचशे मिलिलिटर किंवा त्याहून जास्त सोडतं. तुम्हाला हवंय ७०. यासाठी उत्तम म्हणजे बेकरीच्या किंवा लहान भट्टीच्या डिझेल बर्नरचं नोझल. त्यावर तासाला किती अमेरिकन गॅलन, हे सात बार दाबाला मोजून कोरलेलं असतं. १.०० लिहिलेलं नोझल मिनिटाला ६३ मिलिलिटरच्या आसपास सोडतं, आणि तुमच्या इंजिनाला तेच पुरेसं आहे. कोन ६० किंवा ८० अंश. आत धातूच्या बारीक कणांची जाळी असते, ती कचरा अडवते. पॉलीहाऊसची फॉगर नोझलंही चालतात, पण त्यांचं माप तुम्हालाच काढावं लागतं.

माप कसंही काढावंच लागतं, बर्नरच्या नोझलचंसुद्धा. मोटर, नळी, व्हॉल्व्ह, नोझल सगळं टेबलावर जोडा. गाडीच्याच बॅटरीवर चालवा. नोझल एका पारदर्शक बाटलीच्या तोंडात धरा, घड्याळ लावून एक मिनिट सोडा, आणि जमलेलं पाणी मेजरिंग सिलिंडरमध्ये ओता. मग नोझल बाहेर काढून हातभर लांबून खाकी कागदावर क्षणभर फवारा. कागद एकसारखा ओलसर गडद झाला तर धुकं बरोबर आहे. त्यावर वेगळे थेंब दिसले, किंवा मोटर बंद केल्यावर नोझलच्या टोकाला थेंब लोंबत राहिला, तर ती जोडणी इंजिनाकडे न्यायची नाही. तो लोंबणारा थेंब म्हणजेच वर सांगितलेल्या सकाळची सुरुवात.

आता बंद होण्याची व्यवस्था. नोझलच्या अगदी जवळ, वीतभर अंतराच्या आत, १२ व्होल्टचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा) व्हॉल्व्ह. वीज नसताना बंद राहणारा, त्यातलं सील ईपीडीएम रबराचं. त्याच्या आणि नोझलच्या मध्ये स्प्रिंगचा चेक (एकाच दिशेने सोडणारा) व्हॉल्व्ह, जो दीड बारच्या वर दाब आल्याशिवाय उघडत नाही. हे दोन्ही हवेत, एक चालणार नाही, कारण सोलेनॉइडच्या सीटवर वाळूचा एक कण बसला तरी तो गळतो. टाकी नोझलच्या पातळीच्या खाली. उतारावर गाडी उभी राहिली तरी खाली राहील अशी. जागा नसेल तर टाकी लहान करा, उंचावर नेऊ नका.

विजेची जोडणी अशी करा की एकही दुवा तुटला तर सगळं बंद. चावीच्या लाइनवरून फ्यूज, मग डॅशबोर्डवरचा बटण-स्विच, मग टाकीतला फ्लोट स्विच (पाणी संपलं की तुटणारा), मग बूस्टचा प्रेशर स्विच, मग अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलखाली एक मायक्रोस्विच, आणि शेवटी रिलेची कॉइल. सगळे एकामागे एक. रिलेच्या दुसऱ्या बाजूला मोटर आणि सोलेनॉइड, तिथे वेगळा फ्यूज. बूस्ट स्विचमधून मोटरचा करंट थेट नेला तर त्याचे संपर्क हळूहळू चिकटतात आणि एक दिवस मोटर बंदच होत नाही, म्हणून मध्ये रिले लागतोच. सोलेनॉइडच्या कॉइलला उलटा डायोड लावा.

मायक्रोस्विचबद्दल लोक विचारतात की बूस्ट स्विच असताना तो कशाला. घाटात वळणावर तुम्ही पाय काढता तेव्हा डिझेल तत्काळ बंद होतं, पण टर्बो फिरत असतो आणि बूस्ट एक-दोन सेकंद टिकून राहतो. तेवढा वेळ पाणी थंड होत चाललेल्या सिलिंडरमध्ये जात राहतं. प्रत्येक वळणाला असं झालं तर ते भिंतीवरून तेलात उतरतं. आंबा घाटासारख्या रस्त्यावर तर वळणामागे वळण असतं.

बूस्ट स्विच तुमच्या कमाल बूस्टच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास लावा. तुमच्या बाबतीत ०.७ बार धरा. त्याखाली इंजिनाला पाण्याची गरज नाही.

नोझलची जागा इंटरकूलरनंतर, इनटेक मॅनिफोल्डच्या अलीकडे वीसेक सेंटिमीटरवर, धुकं हवेच्या प्रवाहाला आडवं पडेल असं. तापमानाचा आणि दाबाचा सेन्सर नोझलच्या आधी राहिला पाहिजे, नाहीतर तो भिजून खोटं सांगू लागतो. टर्बोच्या आधी फवारू नका. लाखाच्या वर आरपीएमने फिरणाऱ्या पंख्याच्या कडा थेंब खातात. तुमच्या गाडीत ईजीआरची (एक्झॉस्टचा काही धूर परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या व्यवस्थेची) काजळी मॅनिफोल्डमध्ये बोटभर जाड साचलेली असणार. ती आधी उतरवून साफ करा. पाणी सुरू झाल्यावर ती फुगून, सुटून ढेकळांनी व्हॉल्व्हकडे जाते.

नळीबाबत एक गल्लत हमखास होते. आरओची पांढरी पाव इंची नळी टाकीपासून मोटरपर्यंत ठीक आहे, पण तिचा दाब झेलण्याचा आकडा थंड पाण्याचा असतो. बॉनेटखाली ऐंशी अंशांत ती मऊ पडते आणि पुश-फिटमधून सुटते. मोटरच्या पुढची नळी नायलॉनची किंवा टेफ्लॉनची घ्या, टर्बोपासून लांब ओढा. पाणी बॅटरीचं डिस्टिल्ड. बोअरचं किंवा नळाचं पाणी महिन्याभरात नोझलमध्ये क्षार धरतं.

हवामानाचाही फरक पडतो. मे महिन्यात जतच्या कोरड्या हवेत पाणी झटकन वाफ होतं. तेच पावसाळ्यात घाटाखाली लांज्या-पालीच्या बाजूला हवा आधीच दमट असते, इनटेकमध्ये वाफ कमी होते आणि थेंब जास्त आत जातात. म्हणून नोझल मोठं घेण्याचा मोह टाळा. कोकणात उतरायचं असेल तर ६३ चंच राहू द्या.

आता मिथेनॉल. ज्यांना रिमॅपवाल्याशी बसून डिझेल कमी करून ते वापरायचंच आहे त्यांनी तीस टक्क्यांवर जाऊ नये. त्याचा सीटेन नंबर, म्हणजे दाबाने आपोआप पेटण्याची क्षमता, जवळपास नगण्य, त्यामुळे कमी लोडला ते नीट पेटत नाही, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो. आणि भर लोडला प्रमाण जास्त झालं की एकदम पेटून दाब झपकन वाढतो, हेड गॅस्केट जातं. मिथेनॉल अ‍ॅल्युमिनियम खातं. नेहमीच्या व्हायटनच्या ओ-रिंगा त्यात फुगतात, पॉलियुरेथेनची नळी आणि अ‍ॅक्रिलिकचे पारदर्शक कप तडकतात. ईपीडीएम, टेफ्लॉन, एचडीपीई आणि ३१६ स्टेनलेस चालतं.

त्याहून मोठी गोष्ट माणसाची. दहा मिलिलिटर शुद्ध मिथेनॉल पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते, तीस मिलिलिटर जिवावर बेतू शकतं. ते दिसायला पाण्यासारखं, वासाला दारूसारखं. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलच्या दारूनेच. ते कातडीतून शोषलं जातं, वाफेतून जातं, आणि त्रास कधीकधी अर्धा-एक दिवस उलटून गेल्यावर सुरू होतो, तोपर्यंत माणूस बरा दिसतो. पाण्याच्या बाटलीत ते कधीही भरू नका. ड्रायव्हर, गाडी धुणारा मुलगा, घरातलं लहान मूल यांपैकी कोणाच्याही हाती ती बाटली लागू शकते. मिश्रणाला गडद निळा रंग घाला, कॅनवर मराठीत मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहा, कुलपात ठेवा. कोणाच्या पोटात गेल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांना ‘मिथेनॉल’ हा शब्द सांगा. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत द्यावा लागतो.

आगीचं म्हणाल तर शुद्ध मिथेनॉल अकरा-बारा अंशांपासून पुढे ठिणगीने पेटतं, आणि निम्मं पाणी घातलं तरी आपल्या खोलीच्या तापमानाला पेटू शकतं. ज्योत दिवसा उजेडात दिसत नाही. मिसळायचं ते उघड्यावर, गाडी थंड असताना, चष्मा आणि रबरी हातमोजे घालून. टाकी माणसं बसतात त्या भागात नको. विक्री आणि साठ्यावर महाराष्ट्रात विषविषयक नियमांचं बंधन आहे, त्यामुळे परवानाधारक विक्रेत्याकडून पावतीसह घ्या. ओळखीच्या कारखान्यातून कॅन भरून आणू नका.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई आहे. आरटीओत विचारल्याशिवाय आणि विमा कंपनीला लेखी कळवल्याशिवाय हे रस्त्यावर आणणं म्हणजे दाव्याच्या वेळी अडचण ओढवून घेणं. तुमची गाडी जुनी आहे म्हणून मी एवढं तरी सांगतोय. बीएस-६ डिझेल असेल, डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) आणि युरियाची टाकी असलेली, तर त्या गाडीला यातलं काहीही लावू नका.

बसवून झाल्यावर पहिली चाचणी घाटात करू नका. सपाट रस्त्यावर सोबत एक माणूस घ्या, त्याला तापमान आणि बूस्ट बघत बसवा. तिसऱ्या गिअरमध्ये भर लोड द्या, पाणी सुरू झाल्यावर काटा उतरतो का ते पाहा. मग गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा, इनटेकची नळी नोझलपाशी सोडा आणि बोट आत फिरवा. ओलसर चालेल, डबकं चालणार नाही. रात्रभर गाडी उतारावर नाक खाली करून ठेवा आणि सकाळी स्टार्टर मारण्याआधी तेच पुन्हा करा. ही सकाळची तपासणी आठवडाभर रोज. त्यानंतर दर महिन्याला तेलाच्या झाकणाखाली पिवळट साय धरते का ते बघा, आणि नोझल काढून बाटलीत एक मिनिटाचं माप पुन्हा घ्या. ६३ चं ५५ झालं असेल तर जाळी बदला. ६३ चं ७५ झालं असेल तर भोक झिजलंय, नोझलच बदला.